तीन बाजूंची चौकट

पणजीच्या स्टँडवर एका बसच्या कपाळावर
तिला स्वतःचं नाव दिसलं: सोकोर्रो.
कंडक्टर ओरडत होता, सुकूर, सुकूर, सुकूर.
ती चढली.
कुठं उतरणार, त्यानं विचारलं,
तिनं पासपोर्ट उघडून नावावर बोट ठेवलं.

हे तिनंच सांगितलं, माझ्या दुकानात बसून.
मला बापाची मोडकी पोर्तुगीज येते,
तिची स्पॅनिश.
उरलेलं हातांनी भागवलं.

मी दामू च्यारी. पूर्वी दारं करायचो, फणसाची.
आता घराघरात अ‍ॅल्युमिनियम,
म्हणून फ्रेमा करतो:
देव, लग्नं, वारलेले.

तिचा बाप ट्रकांवर नावं रंगवायचा,
गुत्त्यांच्या भिंतींवर बाटल्या आणि कोंबडे.
ही डबा धरून उभी, वय वर्षं नऊ.
तिची चित्रं मोठमोठ्या भिंतींवर लागलीत
हे ती कधी बोलली नाही.
पोस्टमननं एक जाड पुस्तक चुकून माझ्याकडे टाकलं,
तेव्हा मुखपृष्ठावर तिचा फोटो, केस काळे.

लाल रंगासाठी तिच्या गावी
निवडुंगावरची कीड चिरडतात.
इथं निवडुंग आहे, ती कीड नाही.
मग विहिरीच्या काठाचा चिरा खरवडून
तिनं चुन्यात कालवला.
तीन पावसाळे तोच लाल.
नखांत गेला तो राहिलाच.

दसऱ्याला म्हापशाच्या बाजारात
झेंडूचे ढीग बघून थबकली.
हे आमचं फूल, म्हणाली.
मी म्हटलं, आमचं.
शेवटी फुलकान्नीनं दोघांकडून पैसे घेतले.

माझी पाटी तिनंच रंगवली.
अक्षर वाचता येत नव्हतं,
चित्र काढावं तसं काढलं.
वरची रेघ सोडून दिली.
मी म्हटलं, बाये, रेघ?
ती म्हणाली, दोरी वाटली मला, कपड्यांची.
वाळलं की दोरी काढतात ना?

मग एकदा कॅनव्हास घेऊन आली.
एक खुर्ची. पाठीवर टांगलेला शर्ट,
खिशाशी शाईचा डाग.
खाली बारीक अक्षरात: एलिसेओ.
लेक. अकरा वर्षांपूर्वी
कॉलेजातून निघाला, बसमध्ये बसला.
बस पोचली.

चौकट तीन बाजूंची हवी, म्हणाली.
मी भांडलो. तीन बाजूंची चौकट नसते,
कोपरा धरणार कोण,
लाकूड वर्षात पिळवटेल.
तिनं ऐकून घेतलं.
मग उजव्या कडेवर हात ठेवला:
इथून त्याला आत यायचंय.

मी केली. आयुष्यात तेवढं एकच
वाईट काम केलं, जीव लावून.

दोन नोव्हेंबरला सुकूरच्या सिमितेरीत
मेणबत्त्यांचा नुसता उजेड.
ती फाटकाबाहेर उभी, हातात झेंडू.
मी म्हटलं, जा ना आत.
म्हणाली, आत जायला आपलं माणूस मेलेलं लागतं.
माझ्याकडे तसा कागद नाही.
फुलं मला दिली. मी कुणाच्या नावानं वाहू?
स्कूटरच्या हँडलला अडकवली.

फेब्रुवारीत तिला फोन आला.
काहीतरी सापडलंय, एवढंच कळलं;
माणूस की हाडं
ते विचारायची भाषा मला येत नव्हती.
एक बॅग घेऊन गेली.
चित्र गुंडाळून नेलं, चौकट इथंच.

चौथी पट्टी मी तेव्हाच कापून ठेवली होती,
मापात, पॉलिश मारून.
अजून फळीवर आहे.
पावसात फुगते, उन्हात आक्रसते.

जायच्या आदल्या दिवशी
तिला तिच्या नावाचा अर्थ विचारला होता.
सोपं आहे, म्हणाली,
बुडणारा माणूस ओरडतो ना, तोच शब्द. वाचवा.

संध्याकाळी पाच-चाळीसची बस
दुकानासमोर वेग कमी करते.
पोरगा दारात लटकून गावाचं नाव ओरडतो,
कधी मराठीत, कधी पाटीवरचं.
मी करवत थांबवतो.
उतरतात रोजचेच,
भाजीच्या पिशव्या, शाळेची मुलं.